फोटोंचे पुस्तक आणि आजीचे गोंदण

आपल्या बहुतेक घरांत भिंतीवर दोन प्रतिमा असतात. एक तथागतांची, दुसरी बाबासाहेबांची. शेजारी घरातील एखाद्या कालकथित माणसाचा हार घातलेला फोटो असतो. मग घरातील बाकीची माणसे कुठे असतात? ती असतात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशनकार्ड, विजेची बिले यांच्यामध्ये एखाद्या पाकिटात ती दुमडून पडलेली असतात. कुणाचा तरी दाखला लागला म्हणजे पेटी उघडते, दाखला सापडला की बंद होते. फोटोंकडे कोण बघतो?

आम्हीही बघत नव्हतो. गेल्या वर्षी आमच्या मातोश्री गेल्या. पहिल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची बोलणी करायला आम्ही पाचही भावंडे दौंडच्या घरी जमलो होतो. आलेल्या पाहुण्यांना स्टीलची भांडी वाटावी, असे थोरल्या बंधूंचे म्हणणे होते. धाकटी बहीण म्हणाली, "भांडी सगळ्यांच्या घरात आहेत, आईचा फोटो कुणाच्या घरात आहे?" कुणाला उत्तर देता येईना. शेवटी ठरले की, घरातले सगळे जुने फोटो गोळा करायचे आणि त्यांचे एक छापील पुस्तक करायचे. पाच भावंडांना पाच प्रती, एक मामांना आणि एक मावशीला, अशा सात प्रती. हल्ली लग्नाचे अल्बम अशाच छापील पानांचे येतात, ते वाचकांनी पाहिलेच असतील. तसेच आपण घरच्या माणसांचे करू, असा बेत. काम अर्थातच आमच्या गळ्यात आले. कारण काय, तर "तुम्ही कारकून, तुम्हाला कागद सांभाळायची सवय आहे."

आम्हाला वाटले, यात काय मोठेसे? फोटो गोळा करायचे, स्टुडिओवाल्याला द्यायचे, पुस्तक घेऊन यायचे. प्रत्यक्षात या कामाला पाच महिने लागले, आणि त्यात आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती चूक वाचकांच्या हातून होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. आईचे माहेर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. आमची नोकरी शिरूरला. म्हणजे फोटो दोन्हीकडे विखुरलेले. दर रविवारी आम्ही शिरूरहून निघायचे, न्हावरे, चौफुला, पाटस करत दौंड गाठायचे, पेटी उपसायची आणि संध्याकाळी परत. मधल्या वारी मामांकडे खेप. असे करता करता एकसष्ट फोटो जमले.

त्यांची अवस्था काय सांगावी! चार फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेले. काही चिकट पानांच्या अल्बममध्ये. वर पारदर्शक कागद आणि खाली चिकाच्या रेघा, असा तो अल्बम एकेकाळी मोठा हौसेचा होता. आता त्या चिकाने फोटो पाठीमागून पिवळे पडले होते आणि पानावरून सुटत नव्हते. काहींना कसर लागली होती. वडिलांचा उमेदीतला एकच फोटो, तोही कुठल्याशा पासावरून काढलेला, गालावर अर्धा गोल शिक्का. पासपोर्ट आकाराचे बरेच फोटो टाचणीने भोके पडलेले. आपल्या माणसांचे फोटो निघाले ते बहुधा कुठल्या तरी अर्जाला चिकटवण्यासाठी, हे तेव्हा ध्यानात आले.

आमची भाची पुण्यात डीटीपीचे काम करते. तिने पहिल्याच दिवशी आम्हाला दम भरला, "मामा, काहीही ओढायचं नाही, पुसायचं नाही, ओला कपडा तर लावायचाच नाही." काचेला चिकटलेला फोटो ओढला तर चित्राचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. तो काचेसकट स्कॅन करायचा. चिकट अल्बममधला फोटो निघत नसेल तर त्याच्या खालून दात साफ करायचा बारीक धागा हळूहळू करवतीसारखा फिरवायचा. तरीही निघेना, तर पान तसेच्या तसे स्कॅन करायचे. धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने झटकायची. फोटोच्या मागे काही लिहिलेले असेल तर त्या बाजूचेही स्कॅन घ्यायचे. आणि आपल्याला काही लिहायचे झाले तर बॉलपेनने नाही, मऊ शिसपेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.

मग तिने आम्हाला ठिपक्यांचा हिशेब शिकवला. छापील चित्र स्पष्ट दिसायला इंचाला तीनशे ठिपके लागतात. दोन इंच रुंद आणि तीन इंच उंच फोटो इंचाला सहाशे ठिपक्यांनी स्कॅन केला, तर बाराशे गुणिले अठराशे ठिपके मिळतात. त्यांना तीनशेने भागले की चार बाय सहा इंच. म्हणजे हा फोटो पुस्तकात दुप्पट मोठा छापता येईल, त्याहून मोठा केला तर फुटेल. आम्ही पडलो बी.कॉम. हिशेब लगेच पटला. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही. तेव्हापासून आम्ही एक वही घातली. फोटोचा क्रमांक, मूळ आकार, किती ठिपक्यांनी स्कॅन केला, जास्तीत जास्त किती मोठा छापता येईल आणि फोटोत कोण कोण आहे, असे रकाने आखले. कचेरीतील आवक-जावक रजिस्टरच म्हणा ना!

थोरल्या बंधूंनी आपल्याकडचे फोटो मोबाईलवर काढून व्हॉट्सॲपने पाठवले. पाहायला छान होते. पण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत बारीक होतो, लांब बाजूला साधारण सोळाशे ठिपके उरतात. भागिले तीनशे, म्हणजे सव्वापाच इंच. शिवाय ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा प्रत्येक फोटोवर. बंधूंना राग आला, पण सगळे फोटो पुन्हा मागवून घ्यावे लागले. मोबाईलवरूनच पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, मग तो आहे तसा येतो.

रंगीत फोटोंची वेगळीच तऱ्हा. आमच्या थोरल्या भगिनींचे लग्न १९९४ सालचे. फोटो रंगीत, त्या वेळी केवढे कौतुक! आता सगळे लालसर-पिवळे झाले आहेत. त्याउलट वडिलांचा कृष्णधवल फोटो शिक्क्यासकट ठणठणीत. भाचीने कारण सांगितले. कृष्णधवल फोटोतले चित्र चांदीच्या बारीक कणांचे असते, ते नीट धुतले गेले असेल तर टिकते. रंगीत फोटोत तीन रंगद्रव्यांचे थर असतात आणि ते सारख्या वेगाने उडत नाहीत. एक आधी उडतो, उरलेल्या दोघांची छटा वर येते. मग रंग दुरुस्त करायचा कशाच्या आधाराने? फोटोत जे पांढरे होते हे आपल्याला नक्की माहीत आहे, त्याच्या आधाराने. आपल्या लग्नात वधू-वर पांढरी वस्त्रे नेसतात. भाचीने भगिनींच्या पांढऱ्या साडीवर बोट ठेवले, ती पांढरी होईपर्यंत रंग सरकवला आणि तीस वर्षांपूर्वीचा मांडव जागा झाला.

पण हे सगळे करताना तिचा एक नियम होता. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. तो तसाच ठेवायचा, दोन-तीन ठिकाणी जपून ठेवायचा. दुरुस्ती करायची ती त्याच्या प्रतीवर. वडिलांच्या गालावरचा शिक्का काढता आला असता. आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "काढते, पण आजोबांचा एवढा एकच फोटो का आहे, हे त्या शिक्क्यावरूनच कळतं." शिक्का ठेवला.

हे शहाणपण आम्ही एकाच फोटोच्या वेळी विसरलो.

आमच्या आई-वडिलांचे लग्न १९७४ साली आईच्या गावी झाले. त्या लग्नाचा एकच समूहफोटो आहे, सहा बाय आठ इंचांचा. त्यात तेवीस माणसे. मध्ये खुर्च्यांवर आई-वडील, मागे उभी मंडळी, पुढे जमिनीवर पोरे. आणि डावीकडे अगदी कडेला, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. ती आमची आजी, आईची आई. आजीचा उभ्या आयुष्यातला हा एकमेव फोटो. आमच्या जन्माच्या आधीच ती गेली, त्यामुळे आम्ही तिला पाहिलेले नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आजीचाच चेहरा मोठा करून घालायचा, हे आम्ही ठरवून टाकले.

भाची त्या दिवसांत बाळंतपणासाठी रजेवर होती. तिला त्रास नको म्हणून आम्ही तो एक फोटो ओळखीच्या एका स्टुडिओत नेला. तिथल्या पोराने चेहरा पडद्यावर मोठा केला. चेहरा काळसर, अंधुक, कपाळावर आणि हनुवटीवर काळे डाग. आम्ही म्हणालो, "डाग काढा आणि जरा उजळ करा." हे शब्द आमचेच. दोष त्या पोराला देता येत नाही. त्याने संगणकाला सांगितले, संगणकाने क्षणात चेहरा गुळगुळीत केला. डोळे रेखीव झाले, गाल गोरे झाले, डाग गेले. आम्ही खूश! पूर्ण पानभर चेहऱ्याची नमुना प्रत काढून घेतली आणि रविवारी दौंडला मावशीकडे गेलो.

मावशी ब्याऐंशी वर्षांची. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून तिला चांगले दिसते. आम्ही मोठ्या ऐटीत पान तिच्यापुढे धरले. तिने पान हातात घेतले, खिडकीपाशी नेले, पुन्हा पाहिले.

"ही कोन रं?"

"मावशी, तुझी आई."

"ही? न्हाई बाबा. माझ्या आईच्या कपाळाला गोंदाण व्हतं. तीन ठिपकं, आन एक हनवटीला. ही कुनाची तरी गोरी बाई हाय."

आम्ही गडबडलो. मूळ फोटो पिशवीत होता, तो दिला. मावशीने कडेच्या त्या इवल्याशा चेहऱ्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आन गोरी कवा व्हती ती? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली तिनं. पाझर तलावाची माती वाहिली. त्या उन्हानं करपलेलं तोंड हाय हे. मला तर हेच आठवतं."

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने ऐकलेला आहे. पुणे, नगर, सोलापूर या पट्ट्यात दुष्काळी कामांवर लाखो माणसे खडी फोडत होती, पाझर तलाव आणि रस्ते त्यांनी केले. हे आम्ही भाषणांत कितीदा तरी सांगितले असेल. पण त्या उन्हाची खूण आमच्याच आजीच्या चेहऱ्यावर होती आणि ती आम्ही "जरा उजळ करा" म्हणून पुसून घेतली होती. आम्हाला त्या दिवशी मावशीकडे जेवण गेले नाही.

घरी चर्चा झाली. थोरले बंधू म्हणाले, "रंगाचं ठीक आहे, पण गोंदण कशाला दाखवायचं? ती जुन्या रूढीची खूण. आपण धम्म घेतला, ते सगळं सोडलं." बंधूंचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या लोकांनी घराघरांतून काय काय बाहेर काढले, हे आम्ही जाणतो. आम्ही उत्तर जुळवत होतो, तोवर मावशीच म्हणाली, "निघन्यासारखं असतं तर तिनंच काढलं असतं. निघत न्हाई ते. त्या कपाळानंच तिनं बुद्धाला वंदन केलं." बंधू पुढे काही बोलले नाहीत.

नंतर आम्ही यावर बराच विचार केला. उजळ करून मागणारे आम्ही एकटे नाही. त्या स्टुडिओतला पोरगा म्हणाला होता, "साहेब, सगळेच गोरं करून मागतात." लग्नासाठी मुलीचा फोटो काढायचा तर आपण काय सांगतो? जातीवरून, रंगावरून माणूस तोलू नये, असे सभेत सांगतो आणि स्टुडिओत जाऊन मुलीचा रंग बदलून आणतो. आता तर मोबाईलच न विचारता चेहरा गोरा आणि गुळगुळीत करून देतो.

ही खोड आपल्याच देशाची आहे असेही नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या रंगीत फोटोंच्या प्रयोगशाळांत रंग बरोबर आला की नाही हे ताडण्यासाठी एक कार्ड असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा बरोबर दिसली म्हणजे रंग बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात बसत नसत, फोटोत ते काळपट आणि तपशील हरवलेले येत. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या विषयावर लिहिले आहे. गडद रंग नीट येत नाहीत, अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी केली, तेव्हा कुठे तपकिरी छटांकडे लक्ष गेले, असे कोडॅकच्या जुन्या मंडळींनी त्यांना सांगितले. पुढे १९९० च्या दशकात निरनिराळ्या वर्णाच्या स्त्रिया असलेले कार्ड आले. माणसांच्या चेहऱ्यांआधी चॉकलेटची दाद लागली! जगाने आपल्या लोकांचे चेहरे असे अंधारात ठेवले, हे खरे. पण आजीचा चेहरा जगाने नाही, आम्ही पुसला होता.

असो. भाचीचे बाळ दोन महिन्यांचे झाल्यावर तिने तो फोटो पुन्हा हाती घेतला. तिने आम्हाला एक गोष्ट दाखवली, ती वाचकांनी लक्षात ठेवावी. फोटोवरचा डाग आणि फोटोतली खूण यांतला फरक संगणकाच्या पडद्यावर कळत नाही, मूळ फोटो हातात घेतल्यावर कळतो. धूळ ब्रशने सरकते. ओरखडा फोटो तिरपा धरला की चमकतो. बुरशीचा डाग कडेला पसरट असतो आणि चेहरा सोडून मागच्या भिंतीवरही असतो. जे या कशातच बसत नाही, ते फोटोतले आहे, त्याला हात लावायचा नाही. साध्या भिंगाखाली आजीच्या कपाळावरचे तीन ठिपके स्वच्छ दिसले. सारख्या अंतरावर, एका ओळीत. बुरशी कधी अशी ओळीत बसत नाही. हे भिंग आमच्या घरात होतेच. वापरायचे सुचले नाही.

आता चेहरा मोठा किती करायचा? मूळ फोटोत आजीचा चेहरा जेमतेम आठ मिलिमीटर. इंचाला बाराशे ठिपक्यांनी स्कॅन केला तर चेहऱ्याला पावणेचारशेच्या आसपास ठिपके मिळतात. भागिले तीनशे, म्हणजे सव्वा इंच, तीन सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त. पानभर चेहरा करायचा तर बाकीचे ठिपके आणायचे कुठून? ते संगणक मनाने भरतो. स्टुडिओतल्या त्या चेहऱ्याचे डोळे रेखीव झाले होते, ते आजीचे नव्हतेच. म्हणून ठरले की, आजी सव्वा इंचाचीच राहील. पान मोठे, मध्ये एवढासा चेहरा, चहूकडे कोरी जागा. बंधूंना ते दरिद्री वाटले. आम्हाला ते खरे वाटले.

समूहफोटो पुढच्या दोन पानांवर घ्यायचा होता. तिथेही आजी सुटता सुटता राहिली. पान कडेपर्यंत छापायचे असेल तर चित्र चारही बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर न्यावे लागते. छपाईनंतर पाने एकत्र कापतात, त्या कापण्यात तेवढा भाग जातो. मूळ फोटोत आजी कडेला चिकटून उभी. पूर्ण पानभर छापले असते तर तिचा खांदा आणि अर्धा पदर कात्रीत गेला असता. कापताना आधी जातो तो कडेला उभा असलेला माणूस. म्हणून फोटोभोवती पांढरी चौकट सोडली. दुसरी गोष्ट, दोन पानांच्या मधल्या शिवणीत चेहरे बुडतात. मधोमध बसलेल्या आईचा चेहरा शिवणीत जात होता. शेवटी पुस्तक आडवे केले आणि फोटो एकाच पानावर घेतला.

छापायला देण्याआधी एका पानाची खरी छपाई करून पाहिली. पडद्यावर रंग प्रकाशाचे असतात, कागदावर शाईचे. पडदा फार उजळ ठेवून काम केले तर छापील पान काळोखे येते. काळ्यासावळ्या चेहऱ्यांच्या फोटोंत तर डोळे-नाक एकमेकांत मिसळतात. आमची पहिली चाचणी अशीच आली. मग भाचीने चेहऱ्यावरच्या सावल्या थोड्या सोडवल्या. "हे गोरं करणं नाही का?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "नाही. गोरं करणं म्हणजे चेहऱ्यावर नसलेलं आणणं. हे जे फोटोत आहे ते शाईत दिसू देणं." मावशीला ती प्रत दाखवली. तिने कपाळावरचे ठिपके बोटाने मोजले आणि मान हलवली. हीच आमची अंतिम तपासणी. कागद मॅट घेतला, चकचकीत कागदावर बोटांचे ठसे फार उठतात.

राहिले होते ते नावांचे काम. फोटोच्या छापील प्रतीवर बटर पेपर ठेवून प्रत्येकाच्या डोक्याची बाह्यरेषा काढली, तिच्यात १ ते २३ आकडे घातले. तो नकाशा समोरच्या पानावर आणि खाली नावे. मावशी आणि मामांनी मिळून सतरा नावे सांगितली. सहा कोरी राहिली.

कोरेगाव भीमाजवळच्या जयस्तंभापाशी १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आले होते, तेव्हाचा फोटो आपण दरवर्षी पाहतो. आमच्याच नगर रस्त्यावरची ती जागा. त्या फोटोतले बाबासाहेब लहान पोरही ओळखते. पण त्यांच्या आजूबाजूला उभी असलेली माणसे? त्यांतली किती नावे आपल्यापैकी कुणाला सांगता येतील? तीही कुणाची तरी आजोबा-पणजोबा असतील. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे १९५६ साली नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रीकरण केले, म्हणून ती आज आपल्याला पाहता येते. बाबासाहेबांसाठी अशी माणसे झटली. आपल्या घरच्या माणसांसाठी झटायला मात्र आपल्याशिवाय दुसरे कोण येणार?

कार्यक्रम दौंडला घरासमोरच्या मांडवात झाला. त्रिशरण-पंचशील झाले, भन्तेजींचे प्रवचन झाले, भोजनानंतर पुस्तके हातोहात फिरू लागली. आम्ही जेवणाच्या पंक्तीकडे लक्ष देत होतो, इतक्यात बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी हाक मारली. आईच्या माहेरच्या गावाहून एक साठीच्या पुढच्या बाई आल्या होत्या. आम्ही त्यांना ओळखत नव्हतो. त्यांनी बटर पेपरच्या नकाशातल्या १९ आकड्यावर बोट ठेवले होते. पुढच्या रांगेत जमिनीवर बसलेली, फ्रॉक घातलेली पोरगी.

"ही मी हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईच्या शेजारी ऱ्हायाचो आमी. फोटू काढला तवा बसवलं व्हतं मला. मला म्हाईतच न्हाई असा फोटू हाय म्हनून." लहानपणचा त्यांचा दुसरा फोटो नाही. त्यांनी शेजारचाही एक मुलगा ओळखला, तो त्यांचा भाऊ, मुंबईला गेला आणि तिकडेच वारला. आमच्या सहचारिणींनी शिसपेन्सिल आणून दिली. बाईंना लिहिता येत नव्हते. त्यांच्या नातीने आजीचे आणि आजीच्या भावाचे नाव कोऱ्या जागेत लिहिले. बाई निघाल्या तेव्हा आमच्या वाट्याची प्रत आम्ही त्यांच्या हातात दिली.

आमच्या घरी आता पुस्तक नाही. भाचीकडे स्कॅन आहेत, आठवी प्रत होईल. त्या प्रतीत एकोणीस नावे छापून येतील. चार जागा अजून कोऱ्या आहेत. दौंडच्या घरी मावशीच्या प्रतीत त्या पानाशी पेन्सिल खोचून ठेवली आहे. आल्या-गेल्या म्हाताऱ्या माणसापुढे मावशी ते पान उघडते, आधी आपल्या आईच्या कपाळावरचे ठिपके दाखवते आणि मग विचारते, "ह्यातलं कुनी वळखतं का?"